तीन सेलची तलवार

त्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तलवारीचं शेपूट काढून कुकरला लावावं लागे. भात झाला, शिट्टी निवली, की ती पुन्हा तलवारीला. एकदा वहिनी घाईत विसरली आणि अर्धा तास कुकर नुसता फुसफुसत राहिला. वरणाची डाळ कच्ची. त्या रात्री सगळ्यांनी मुकाट्यानं दही-भात खाल्ला, आणि तलवारीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण भाची जेवताना ती मांडीवर घेऊन बसली होती.

मनू आठ वर्षांची. तान्ह्या पोळ्याला आमच्या वस्तीत मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे पोरं लाकडाचे नंदी सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात, आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. बोजारा म्हणजे रोख. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी 1806 साली मुलांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात. खऱ्या बैलांच्या पोळ्यात पोरांना कोण विचारणार, म्हणून त्यांचा वेगळा. वेशभूषेत दरवर्षी तीन शिवाजी, चार झाशीच्या राण्या, एक सावित्रीबाई आणि धोतर सुटत चाललेले पाच-सहा शेतकरी असतात. मनू दोनदा राणी झाली होती. गेल्या वर्षी तिनं जाहीर केलं, "आत्या, मी अंतराळातली योद्धा होणार. मला लाइटवाली तलवार पाहिजे."

दादानं मोबाइलवर पाहिलं. प्लॅस्टिकची, बटण दाबलं की लाल-निळी होणारी तलवार दोन दिवसांत घरी येणार होती. मीच म्हटलं, घरी करू. हे म्हणताना माझ्या डोक्यात मनू कमी आणि मी जास्त होते, हे कबूल करून टाकते. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवून पाहायच्या. हातानं काही केल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

आणि एक गोष्ट बरीच वर्षं मनात घर करून होती. 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या लढायांच्या मालिकेतला पहिला सिनेमा 1977 साली आला. त्यातली ती गाजलेली प्रकाशाची तलवार कोणत्याही कारखान्यात बनलेली नाही. सेट सजवण्याची जबाबदारी रॉजर ख्रिश्चन या माणसावर होती, आणि पैसे बेताचे. तो लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात गेला, तिथे कोपऱ्यातल्या खोक्यात त्याला जुन्या प्रेस कॅमेऱ्यांच्या फ्लॅशच्या दांड्या सापडल्या. ग्राफ्लेक्स नावाच्या अमेरिकन कंपनीच्या. चकचकीत नळी, लाल बटण, वरच्या बाजूला पट्टा आवळायची कडी. त्यानं त्या नळीवर पकड म्हणून कपाटाच्या दाराला लावतात तसल्या रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, कडीपाशी कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती फुगीर भिंगांची पट्टी बसवली, कमरेला लटकवायला खाली एक अर्धगोल कडी लावली. झाली तलवार. पुढे त्या सिनेमाच्या सजावटीला ऑस्कर मिळालं, त्यात त्याचाही वाटा होता.

त्याच सिनेमातल्या म्हाताऱ्या गुरूची तलवार तर आणखी मजेशीर. तिच्या मुठीत जेट इंजिनातला एक पाइप, पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा तुकडा, मशीनगनचा एक भाग, आणि टोकाला नळाची मूठ! आर्मिटेज शँक्स या इंग्रज कंपनीची, न्हाणीघरातली. कोट्यवधी लोकांनी डोळे विस्फारून पाहिलं ते शस्त्र खालच्या बाजूनं फिरवलं असतं तर गरम पाणी यायचं. याच मालिकेतल्या 1980च्या सिनेमात एक माणूस आईस्क्रीमचं यंत्र काखोटीला मारून पळताना दिसतो, जणू तिजोरीच वाचवतोय. 1999च्या सिनेमात एक योद्धा ज्यावर बोलतो ते संपर्कयंत्र म्हणजे बायकांच्या रेझरची मूठ, साच्यातून काढलेली. हे सगळं मी मनूला सांगितलं. तिला फक्त आईस्क्रीमच्या यंत्रात रस होता.

पण मला अडकवलं ते त्या पहिल्या दांडीनं. ती नळी तेवढी लांब का? कारण तिच्या पोटात तीन मोठे सेल एकापुढे एक बसत. एक सेल 61 मिलिमीटरचा, म्हणजे तिन्हींचे झाले अठरा सेंटिमीटर. वर फ्लॅशचं डोकं, खाली झाकण. फोटोग्राफरच्या पंजात नीट मावावी अशी जाडी. म्हणजे अंतराळातल्या शस्त्राचं माप ठरवलं ते साध्या मोठ्या सेलनं. आणि तीन मोठ्या सेलची, चकचकीत, बटणवाली नळी आमच्याकडे होती.

बाबांची बॅटरी. नागपुरात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, सूतकताई खात्यात. जमशेदजी टाटांची ही गिरणी 1 जानेवारी 1877ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. गिरणी 2002 साली बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. बाबा तिसऱ्या पाळीला असले की बॅटरी घेऊन निघायचे, जुम्मा तलावाच्या कडेकडेनं. पितळेवर निकेल चढवलेली, तीन सेलची. सेल उतरले की गच्चीवर उन्हात वाळत घालायचे, कुरड्यांच्या शेजारी, आणि आणखी दोन रात्री चालवायचे. काम झालं की सेल काढून ठेवायचे, कधीही आत सोडायचे नाहीत. त्यामुळेच वीस वर्षं माळ्यावर पडूनही ती आतून गळलेली नव्हती. मी पाहिली आहेत दुसऱ्यांकडच्या बॅटऱ्या, उघडल्या की आत हिरवट-पांढरा भुगा.

आईला विचारायला मी दोन दिवस लावले. ती शेंगा सोलत होती.

"बाबांची बॅटरी घेऊ का, मनूच्या तलवारीला?"

"घे नं. कायले विचारतं?"

"थोडं काही चिकटवावं लागेल."

"चिकटव. तेले कोन वापरते आता?"

इतक्या सहज दिली की मलाच कसंतरी झालं. बॅटरीबरोबर माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबाही खाली आला. प्रत्येक घरात एक असतो: ज्यात काहीही फेकायचं नसतं, कारण कधीतरी कामी येईल. आमच्यात होतं: तीन कुलपं, किल्ल्या नसलेली, सात किल्ल्या, कुलपं नसलेल्या, ट्यूबलाइटचे स्टार्टर, मिक्सरचं कपलर, सायकलच्या ब्रेकचे गुटके, कुकरच्या जुन्या रबरी रिंगा, पाळण्याची कडी, आणि मिलमधली एक बॉबिन, तिच्यावर अजून पिवळट सुताचे चार फेरे. बॉबिन पाहिल्याबरोबर मी खूश. मुठीच्या वरच्या भागाला एकदम फिट बसली असती. आईनं शेंगा बाजूला ठेवल्या, माझ्या हातातून ती घेतली, पदरानं पुसली आणि सुई-दोऱ्याच्या डब्यात टाकून दिली. बोलली काही नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

आता नियम ठरला. नियम मी केला, पण मनूनं तो वहीत लिहिला: *बॅटरीला भोक पाडायचं नाही. फेव्हिक्विक लावायचं नाही. सगळं परत सुटलं पाहिजे.* त्या ग्राफ्लेक्सच्या दांड्यांचं पुढे काय झालं हे मला माहीत होतं. जगभरच्या हौशी लोकांनी त्या शोधून शोधून विकत घेतल्या, कापल्या, भोकं पाडली. एकेकाळी खोक्यात धूळ खात पडलेली वस्तू शेकडो डॉलरला जाऊ लागली, आणि जुने कॅमेरे जपणारे लोक हळहळत बसले. एक खोटी तलवार बनवायला एक खरा फ्लॅश मारायचा, हा हिशेब मला पटत नाही. खेळायच्या तलवारीसाठी तर नाहीच.

हा नियम पाळायचा म्हणजे प्रत्येक तुकडा आवळून, गुंडाळून, अडकवून बसवायचा. रबराच्या पट्ट्यांसाठी कुकरच्या रिंगा कापल्या. त्यांना गोल राहायची इतकी सवय झालेली असते की सरळ कापून ठेवल्या तरी पुन्हा वळतात. दोन दिवस पाटा-वरवंट्याखाली दाबून ठेवल्या, तेव्हा कुठे थोड्या वठणीवर आल्या. त्या नळीवर उभ्या लावून दोन्ही टोकांना लोखंडी क्लिपा आवळल्या. कूलरच्या पंपाला पाइप आवळायला असतात त्याच, स्क्रू फिरवला की घट्ट होणाऱ्या. इतवारीच्या लोहाओळीत मापाच्या क्लिपा घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, "मॅडम, कोनत्या मशीनले लावता?" मी म्हटलं, तलवारीला. त्यानं क्षणभर पाहिलं, मग पुन्हा माप घेतलं आणि म्हणाला, "मंग एक साइज लहान न्या, आवळून बसंल." या शहराचं मला हे आवडतं. चौकशी कमी, सल्ला जास्त.

भिंगांच्या पट्टीवर मात्र मी खूप विचार केला. कॅल्क्युलेटर फोडणं नियमात बसत नव्हतं. उत्तर आईच्या औषधाच्या डब्यात निघालं. प्रेशरच्या गोळ्यांच्या पारदर्शक पट्टीवर ओळीनं फुगे असतात, अगदी तसेच. फक्त नेहमीसारखी अंगठ्यानं दाबून गोळी काढली की फुगा चेपतो. म्हणून पाच दिवस आईची गोळी मी मागच्या चंदेरी पत्र्याला ब्लेडनं हलकेच चीर देऊन, चिमट्यानं काढून तिच्या तळहातावर ठेवली. इतक्या मानानं औषध तिला कधी मिळालं नव्हतं. "असं रोजच देत जा," ती म्हणाली. सहाव्या दिवशी पट्टी मिळाली, आणि तिची गोळी पुन्हा तिच्याच अंगठ्यावर आली.

बाकी झटपट. कमरेला लटकवायची कडी मनूच्या पहिलीतल्या दप्तराची. बाजूचं काळं बटण कूलरच्या रेग्युलेटरचं, वेग कमी-जास्त करायचं. कूलर जुलैपासून गच्चीच्या खोलीत चादर पांघरून पडला होता, त्याला बटण कशाला? शेपटाला कुकरची शिट्टी. अंगरख्यासाठी दादाचा जुना खादीचा कुर्ता, वर आईची तपकिरी शाल. झाला वेश.

खरी कसोटी पात्याची. सिनेमातही पहिल्या वेळी तीच अडचण होती. शूटिंगला मुठीतून फिरणाऱ्या काठ्या वापरल्या होत्या, त्यांना प्रकाश परत फेकणारा लेप लावून. पुढे चित्रकारांनी एकेका चौकटीवर तो उजेड काढून गडद केला. आमच्याकडे चित्रकार नव्हते, बर्डीवरून आणलेला एक एलईडी बल्ब होता. स्पायरल बाइंडिंगला पुढे लावतात ती पारदर्शक कव्हरं गुंडाळून नळी केली, तीन जोडली, आत बटर पेपर, त्याच्या आत निळा जिलेटीन कागद. बॅटरीचं तोंड रुंद आणि पातं अरुंद, म्हणून मधे कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला खांदा उलटा बसवला: रुंद बाजू बॅटरीच्या डोक्यावर, मान पात्यात. अंधार केला. बटण सरकवलं. मुठीजवळचं वीतभर पातं निळंशार, आणि पुढे नुसती राख. उजेड वर पोचतच नव्हता.

दोन रात्री मी त्यावर घालवल्या. मग लक्षात आलं की उजेडाला पुढे ढकलता येत नसेल तर टोकावरून परत तरी पाठवू. टोकाला आतून आरसा लावायचा. चिप्सच्या पाकिटाची आतली बाजू आरशासारखी असते. तिचा गोल कापून टोकाच्या झाकणात बसवला. बटण सरकवलं, आणि पातं टोकापर्यंत उजळलं. मधे थोडं फिकं, पण उजळलं. मनू काही बोलली नाही. तिनं तलवार हळूच फिरवली आणि तोंडानं "व्वूंऽऽम" केलं. सिनेमात तो आवाज बेन बर्ट या माणसानं जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या नळीची गुणगुण मिसळून तयार केला, आणि तलवार फिरल्याचा भास व्हावा म्हणून स्पीकरसमोर माइक हातानं फिरवला. हे सगळं मनूच्या गालफडात आधीच होतं.

तलवार तिच्या हातात पाहताना एक गोष्ट मला दिसली. सिनेमावाले नव्या वस्तूला जुनी दाखवायला किती खटपट करतात: रंग खरवडायचा, ओरखडे काढायचे, काळा रंग फासून पुसायचा. आमच्या तलवारीला त्यातलं काही करावं लागलं नाही. सरकत्या बटणाच्या उजव्या बाजूला निकेल उडून पितळ वर आलं होतं, बदामाएवढं, गुळगुळीत. दुसरीकडे कुठेच नाही. कुणी रंगारी इतकी नेमकी झीज काढणार नाही. त्याला ती चारी बाजूंना पसरवावीशी वाटेल. बाबा उजव्या हातानं धरत, बटणाच्या शेजारी अंगठा टेकवून, बॅटरी पेटलेली असो वा नसो. मनूचा अंगठा तिथे पोचत नाही. ती दोन्ही हातांनी धरते, खाली, रबराच्या पट्ट्यांवर.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी शहरात मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी आणि पिवळी, 1880च्या दशकापासून चालत आलेली, आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग त्याचे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आम्ही महाल भागात पाहायला गेलो होतो. एक बडग्या जवळून गेला, गळ्यात फाटक्या चपला, डब्याची झाकणं आणि कसलेसे पाइप. मनूनं विचारलं, "हे पण घरच्या सामानाचं?" हो म्हटलं. "मग संध्याकाळी परत घेतात का?" नाही, जाळतात. ती बराच वेळ गप्प होती, एक हात शालीखालच्या तलवारीवर. मला वाटतं तिनं तेव्हाच काहीतरी ठरवलं.

संध्याकाळी भुरभुर पाऊस. वस्तीच्या मांडवात अंतराळातली योद्धा आली ती एका हातात निळी तलवार आणि दुसऱ्या हातात दोरी, दोरीला घुंगरू बांधलेला लाकडी नंदी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय झाली वं तू? लाइनमन?" परीक्षकांनीही साधारण तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. मनूनं उत्तर द्यायला तलवार उंचावली, आणि दमटपणानं चिकटपट्टीचा दुसरा जोड सुटला. पात्याचा वरचा तुकडा हळूच मान टाकून लोंबकळायला लागला. मांडवात एकदम शांतता. मग मनू म्हणाली, "जखमी आहे." आणि नंदी ओढत खाली उतरली.

बक्षीस मिळालं शिवाजीला, नेहमीप्रमाणे. बोजारा जमला एकशे साठ रुपये.

त्या रात्री मी शिट्टी काढून कुकरला लावली, कायमची. क्लिपा सोडायला बसले तर मनूनं वही आणली, तो नियम दाखवला आणि म्हणाली, सुटलं *पाहिजे* असं लिहिलंय, सोडायचंच असं नाही. बँकेत असे युक्तिवाद मी रोज ऐकते, आणि बहुतेकदा हरते. तलवार तिच्या कपाटात गेली, सेल काढून.

यंदा मार्चच्या शेवटीच पारा चाळिशीकडे निघाला. दादानं गच्चीवरून कूलर उतरवला, नवी गवताची पॅडं भरली, पंप धुतला, पाणी टाकलं आणि वेग लावायला हात घातला, तर बटणाच्या जागी नुसती पितळी दांडी. सगळे मनूकडे पाहू लागले. मनू खिडकीबाहेर पाहू लागली. आई म्हणाली, "राहू द्या, लेकराचं हाय."

आमचा कूलर या उन्हाळ्यात पकडीनं चालू होतो. पकड त्याच्यावरच ठेवलेली असते, दोरीनं बांधून, म्हणजे कोणी नेणार नाही.